कुणाकडून झाला?

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगनं हाहाकार उडवला होता. सैन्यात डॉक्टर असलेले यशवंतराव फुले रजा काढून पुण्यात आले आणि शहराबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्यात, त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीत गायकवाडांच्या घरचा मुलगा आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा यशवंतरावांच्या आई त्याला पाठीवर घेऊन मळ्यातल्या दवाखान्यापर्यंत आल्या. या आई म्हणजे सावित्रीबाई. संसर्ग त्यांनाही झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेत असतानाच कानावर पडते. तिची एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत पोचतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं ते 1898 मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंनी त्या पोराला उचललं तेव्हा हा रोग नेमका कसा लागतो, हे जगात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. भीती पूर्णपणे वाजवी होती. तरीही त्यांनी मूल उचललं.

एचआयव्हीच्या बाबतीत अशी संदिग्धता कधीच संपली आहे. विषाणू 1983 मध्ये सापडला. असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना तो जातो. हातात हात घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं, डास चावल्यानं तो जात नाही. ही माहितीही आता पस्तीस-चाळीस वर्षांची जुनी झाली. तरी ज्या हडपसरमध्ये सावित्रीबाई आजारी मूल पाठीवर घेऊन आल्या, तिथल्या एखाद्या चाळीत किंवा सोसायटीत आज गोळ्यांची एक बाटली पिठाच्या डब्यामागे दडवून ठेवलेली असते.

त्या बाटलीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रातून, ती फुकट मिळते. आत महिन्याच्या तीस गोळ्या. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत. रोज एक घ्यायची. केंद्रातून बाहेर पडल्यावर बरेच जण पहिलं काम करतात ते बाटलीवरचा कागद नखानं सोलून काढायचं. पिशवीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबला जातो. काही जण तर बाटलीच फेकून देतात आणि गोळ्या जीवनसत्त्वाच्या रिकाम्या डबीत भरतात. कुणी विचारलंच तर ‘थायरॉइडची आहे’ किंवा ‘रक्तवाढीची आहे’ हे उत्तर तयार असतं. ससून रुग्णालयाच्या रांगेत गाववाला भेटेल या धास्तीनं हडपसरचा माणूस दोन बस बदलून औंधच्या जिल्हा रुग्णालयात नाही तर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात नाव घालतो. दर महिन्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा, जाण्या-येण्याचं भाडं आणि रजेसाठी रचलेली थाप, हे सगळं त्या फुकटच्या औषधाची किंमत म्हणून मोजलं जातं. एखाद्या महिन्यात थाप सुचली नाही, की गोळ्या चुकतात. गोळ्या चुकल्या, की विषाणू डोकं वर काढतो. कलंक हा काही केवळ मनाला लागणारा विषय नाही; तो सीडी फोर या रोगप्रतिकारक पेशींच्या आकड्यात उतरतो.

आणि हे एकट्यादुकट्याचं नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या म्हणजे नॅकोच्या 2021 च्या अंदाजानुसार देशात सुमारे 24 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यातले जवळपास 4 लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. चांगली बाजूही आहे. 2010 च्या तुलनेत 2023 पर्यंत देशातली नवी लागण सुमारे 44 टक्क्यांनी आणि एड्सनं होणारे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, 2017 पासून सीडी फोर कितीही असला तरी लगेच उपचार हे धोरण आलं. वैद्यकीयदृष्ट्या हा आजार आता मधुमेहासारखा, आयुष्यभर गोळी घेऊन सांभाळायचा झाला आहे. मधुमेहाची गोळी मात्र लोक ऑफिसच्या टेबलावर उघड ठेवतात.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे ‘जनजागृती कमी पडते’. 1 डिसेंबरला लाल फिती लावून प्रभातफेरी निघते, कॉलेजांत पोस्टर स्पर्धा होतात, पथनाट्यं होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही या समजुतीवर बेतलेला एक प्रश्न असतो: भाजीवाल्याला एचआयव्ही आहे असं कळलं, तर तुम्ही त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का? हडपसरच्या मंडईत उभं राहून हा प्रश्न विचारला, तर बरेच जण ‘घेऊ की’ म्हणतील. लागण कशानं होते आणि कशानं होत नाही, एवढी माहिती आता गल्लीगल्लीत पोचली आहे. पण ‘घेऊ की’ म्हणणारा माणूस दोन पावलं पुढे गेल्यावर शेजारच्याला हळूच विचारतो, ‘पण त्याला झाला कुणाकडून?’ हा दुसरा प्रश्न सर्वेक्षणाच्या चौकटीत मावत नाही. कलंक त्याच प्रश्नात आहे.

पहिला प्रश्न विषाणूविषयी आहे. त्याचं उत्तर शास्त्र देतं. दुसरा चारित्र्याविषयी आहे, आणि तिथे माहितीपत्रकाचा काही उपयोग होत नाही. उलट अतिशय शिकलेली, सगळं जाणणारी माणसंच तो सर्वांत सराईतपणे विचारतात.

पुण्यातल्याच एका औषध कंपनीत हे घडलं. तिथे काही वर्षं काम करणाऱ्या एका बाईंनी मेडिक्लेमच्या पैशांसाठी आपली वैद्यकीय कागदपत्रं दिली. त्यात त्यांच्या एचआयव्हीची नोंद होती. 2015 मध्ये त्यांना बोलावून घेण्यात आलं आणि, त्यांनी नंतर सांगितलं त्यानुसार, अर्ध्या तासात राजीनामा लिहून घेण्यात आला. त्या कामगार न्यायालयात गेल्या. तीन वर्षांनी, 2018 मध्ये, पुण्याच्या कामगार न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्या आणि थकलेला पगार द्या असा आदेश दिला. बातम्या आल्या, लोकांनी कौतुक केलं, विषय संपला.

या प्रकरणातल्या दोन गोष्टींवर थांबावं असं आहे. एक, कंपनी औषधं बनवणारी होती. विषाणू म्हणजे काय, तो कसा पसरतो, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणजे अज्ञान हे कारण असूच शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. साहेबांसमोर उभं राहिल्यावर या बाईंनी जे सांगितलं ते असं, की हा आजार आपल्याला नवऱ्याकडून आला. नोकरी वाचवण्यासाठी माणसाला आपलं काम कसं आहे, हजेरी कशी आहे, हे सांगावंसं वाटलं असतं. त्यांना आधी आपण कशा निर्दोष आहोत हे सांगावं लागलं. आणि तरीही राजीनामा घेतला गेलाच. ‘कुणाकडून झाला?’ या प्रश्नाचं समाजाला हवं असलेलं सर्वांत सोज्वळ उत्तर त्यांच्याकडे होतं. ते उत्तरही उपयोगी पडलं नाही.

निर्दोष पत्नीची ही प्रतिमा महाराष्ट्रात कुठून आली, याचा मागही पुण्यातच लागतो. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे नारी 1992 मध्ये भोसरीत सुरू झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो 1997 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देहविक्री न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि एकनिष्ठ असलेल्या या स्त्रियांपैकी 13.6 टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. तोवर सगळा देश ‘त्या वस्तीतला आजार’ म्हणून निवांत होता. पुण्याच्या संशोधकांनी त्या निवांतपणाला सुरुंग लावला, आणि ते फार मोठं काम होतं.

समाजानं मात्र या शोधातून स्वतःला सोयीचं तेवढंच उचललं. आजार सगळ्यांना होऊ शकतो, तेव्हा कुणालाच दोष देण्यात अर्थ नाही, हा निष्कर्ष कुणी काढला नाही. काढला तो असा, की रुग्ण दोन प्रकारचे असतात. एका बाजूला बिचारी बायको आणि कोवळं लेकरू, दुसऱ्या बाजूला नवरा आणि बुधवार पेठेतली देहविक्रीची वस्ती. पहिल्यांसाठी देणगी, दुसऱ्यांसाठी शेरे. पोस्टरांनी या वाटणीला हातभारच लावला. नव्वदीतली कवटी आणि हाडं आठवून पाहावीत. 2002-03 मध्ये मुंबईत बलबीर पाशाला एड्स होणार का, अशा फलकांनी सगळं शहर चर्चेत गुंतवलं होतं. संदेश बेफिकीर पुरुषांसाठी होता, पण कथेत संसर्गाचं टोक होतं ते देहविक्री करणाऱ्या बाईकडे, आणि त्यावर तेव्हाही महिला संघटनांनी हरकत घेतली होती.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. महाराष्ट्रात एचआयव्हीबाधित मुलांसाठी जे काम झालं, त्याला तोड नाही. विजयाताई लवाटे यांनी पुण्यात 1997 मध्ये ‘मानव्य’ उभी केली, तेव्हा अशा मुलांना कुणी दारात उभं करत नव्हतं. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी 2007 मध्ये ‘सेवालय’ सुरू केलं. 2009 मध्ये तिथल्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवायला गावकऱ्यांचा विरोध झाला, तो पचवून ते काम उभं राहिलं. या माणसांपुढे हात जोडावेत. पण त्यांच्या कामाला मदत करताना आपण, म्हणजे देणगीची पावती फाडून घेणारा मध्यमवर्ग, एक वाक्य हमखास बोलतो: ‘या मुलांचा काय दोष?’ हे वाक्य करुणेचं वाटतं, तसं ते असतंही. मात्र त्याच्या पोटात दुसरं वाक्य असतं, की कुणाचा तरी दोष आहेच. त्या मुलाची आई गेली, बाप गेला, आणि आपण मुलाच्या डोक्यावर हात ठेवतानाच त्याच्या आईबापांवर ठपका ठेवतो. मूल मोठं होतं, अठरा वर्षांचं होतं, प्रेमात पडतं, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की आता ते ‘निष्पाप’ यादीतून बाहेर पडलं आहे.

सांगलीत मीना शेषु यांच्या ‘संग्राम’नं 1992 पासून आणि तिथल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या ‘व्हॅम्प’ या संघटनेनं, तसंच पुण्याच्या बुधवार पेठेत ‘सहेली’नं नेमकी हीच यादी फाडून टाकली. निरोध वाटणं, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणं, पोलिसांशी भांडणं, ही कामं तिथल्या बायकांनी स्वतः अंगावर घेतली. ज्यांच्यापासून समाजाला वाचवायचं असं मानलं जात होतं, त्यांनीच साथ आटोक्यात आणायला मदत केली. देशातली नवी लागण घटली त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या नावानं देणगीची पावती मात्र फारशी फाटत नाही.

भीती आणि ठपका एकत्र आले की काय होतं, याचा धडा गोव्यानं दिला. डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या आतला तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत त्याला चौसष्ट दिवस डांबून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच केलेली होती. त्याच्या आईनं, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; डॉमिनिक सुटला, पण कायद्याला दिलेलं आव्हान न्यायालयानं फेटाळलं. डॉमिनिकनं पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि 1992 मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावर बेतलेला ‘माय ब्रदर निखिल’ 2005 मध्ये आला तेव्हा लोक चित्रपटगृहात रडले.

रक्तदान करणारा माणूस डांबला जातो हे पाहिल्यावर पुढचा कोण चाचणीला येईल? पुण्याला हे ठाऊक असायला हवं होतं. ज्या वर्षी सावित्रीबाई गेल्या त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घरात घुसून रुग्ण हुडकत होते, आणि लोक आपली आजारी माणसं माळ्यावर, कोठीत दडवत होते. सक्तीनं साथ लपली. गणेशखिंडीत 22 जूनला गोळ्या झाडल्या गेल्या तो राजकीय इतिहास झाला. आरोग्याचा इतिहास असा, की दारावर पोलीस आला की रोग माळ्यावर जातो.

याच्या विरुद्ध बाजूनं एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. गुप्तता, गुप्तता म्हणता, मग होणाऱ्या बायकोला कळायला नको? 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच होता. रुग्णालयानं एका डॉक्टरचा एचआयव्ही अहवाल उघड केला, त्याचं लग्न मोडलं आणि तो न्यायालयात गेला. न्यायालयानं रुग्णालयाची बाजू घेतली, वर अशा माणसाचा लग्नाचा हक्क जणू स्थगित असतो असंही म्हटलं. ते विधान 2002 मध्ये मागे घ्यावं लागलं. पुढे 2017 चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, आणि त्यानं या पेचाला शहाणं उत्तर दिलं. डॉक्टरनं किंवा समुपदेशकानं आधी रुग्णालाच सांगायला तयार करायचं. तो सांगणार नाही याची खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर धोका असला, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन, जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशनासह सांगायचं. सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः रुग्ण स्त्री असेल, तर सांगायचं नाही. म्हणजे जोडीदाराला कळण्याचा हक्क आहे. तो सासूला नाही, सोसायटीच्या चेअरमनला नाही, आणि एचआर मॅनेजरला तर अजिबात नाही.

लग्नाची वाट बंद आहे हा समजही आता जुना झाला. मोटार वाहन विभागातले अधिकारी अनिल वळीव यांनी 2006 मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी ‘पॉझिटिव्ह साथी’ हे विवाहस्थळ सुरू केलं. पत्रिका आणि पगार इथेही पाहिला जातो, जातसुद्धा पाहिली जाते! ही मंडळी समाजापासून फार वेगळी नाहीत याचा आणखी कुठला पुरावा हवा?

आता पुण्याच्याच एका कामगिरीकडे वळू. ती पुणेकरांनाच सांगावी लागते हे विशेष. जोडीदारांपैकी एक बाधित आणि एक नाही, अशा 1763 जोडप्यांवर नऊ देशांत ‘एचपीटीएन 052’ नावाची चाचणी झाली. भारतातली केंद्रं दोनच शहरांत होती, चेन्नई आणि पुणे. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं, हा निष्कर्ष मे 2011 मध्ये जाहीर झाला, आणि ‘सायन्स’ नियतकालिकानं तो त्या वर्षीचा सर्वांत मोठा शोध ठरवला. विषाणू औषधानं स्थिरपणे दबलेला असताना जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण त्या चाचणीत सापडलं नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासातही आकडा शून्यच आला. मराठीत सांगायचं तर, नियमित गोळी घेणाऱ्या आणि व्हायरल लोडच्या तपासणीत विषाणू न सापडणाऱ्या माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही.

हे वाक्य पोस्टरवर का दिसत नाही? कारण उघड आहे. लोक बेफिकीर होतील, अशी भीती वाटते. पण ज्याला हे वाक्य माहीत असतं तो गोळी चुकवत नाही, कारण त्या गोळीवर त्याच्या घरच्यांची सुरक्षितता अवलंबून असते. भीतीच्या पोस्टरांनी लोकांना चाचणीपासून दूर ठेवलं. हे वाक्य त्यांना चाचणीकडे आणू शकतं. आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचंही तेच. उपचार नसतील तर धोका 15 ते 45 टक्के, उपचार असतील तर 5 टक्क्यांच्या खाली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानं या विषयावर जागतिक दर्जाचं संशोधन केलं आहे. तरीही बाधित बाईला दिवस गेले की सासरी आणि कधी कधी दवाखान्यातही पहिला सूर ‘कशाला?’ असाच लागतो.

दवाखान्यांविषयी बोलताना डॉक्टरांची बाजू समजून घ्यायला हवी. हातात सुई टोचण्याची भीती खरी आहे. पण आकडे पाहा. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीसाठी लगेच, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, औषध सुरू करून 28 दिवस घेतलं की तो छोटा धोकाही आणखी घटतो. तरी हिपॅटायटिसच्या रुग्णाला कुणी ‘दुसरीकडे घेऊन जा’ म्हणत नाही. एचआयव्हीच्या रुग्णाला म्हणतात. खाटेच्या पायथ्याशी लाल शाईत खूण होते, बिलात ‘स्पेशल किट’चा आकडा चढतो, शस्त्रक्रिया यादीत शेवटी ढकलली जाते. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच वागायचं, हा वैद्यकाचा जुना नियम आहे. तो पाळला तर वेगळं किट लागतच नाही. शिवाय ज्याचा अहवाल निगेटिव्ह आला तो खरोखर निगेटिव्ह आहे की लागण होऊनही चाचणीत न दिसण्याच्या ‘खिडकी काळात’ आहे, हे सुईला कुठे कळतं? लाल शाईची खूण डॉक्टरला सुरक्षित करत नाही. ती फक्त वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना बातमी देते.

पुण्यात याच्या उलट वागणारेही पहिल्यापासून आहेत. ‘प्रयास’च्या आरोग्य गटानं 1994 पासून कर्वे रस्त्याच्या परिसरात, डॉ. विनय आणि डॉ. संजीवनी कुलकर्णी यांच्या पुढाकारानं, या रुग्णांवर चारचौघांसारखे उपचार केले. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. जमवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हडपसर हे या प्रश्नाच्या परीक्षेसाठी अगदी योग्य गाव आहे. इथे औद्योगिक वसाहत आहे, मगरपट्टा आणि अमनोरा आहेत, आयटी कंपन्या आहेत, जगाला लशी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, महापालिकेचं अण्णासाहेब मगर रुग्णालय, महाराष्ट्र आरोग्य मंडळाचं साने गुरुजी रुग्णालय आणि मोठमोठी खासगी रुग्णालयं आहेत, गाडीतळावरून सोलापूरकडे जाणारे ट्रक आहेत. 2017 च्या कायद्यात जी जी ठिकाणं येतात, ती सगळी इथे चार-पाच किलोमीटरच्या टप्प्यात सापडतात. नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणी मागायची नाही. संमतीशिवाय चाचणी करायची नाही. एचआयव्हीमुळे कामावरून काढायचं नाही, उपचार नाकारायचे नाहीत, घर भाड्यानं द्यायला नकार द्यायचा नाही. विधवा सुनेला राहत्या घरातून हाकलायचं नाही. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, आणि रुग्णालय असेल तर वीस माणसं असली तरी, तक्रार अधिकारी नेमायचा. त्यावर राज्य सरकारनं लोकपाल नेमायचा; त्यानं तीस दिवसांत निकाल द्यायचा, आणि तातडीचे उपचार अडले असतील तर शक्यतो चोवीस तासांत.

लैंगिक छळाविरुद्धच्या समितीची पाटी आता बहुतेक कंपन्यांच्या कँटीनबाहेर असते. नावं असतात, फोन नंबर असतात. ती पाटी लागायलाही वेळ गेला आणि पाठपुरावा करावा लागला. तिच्याशेजारी एचआयव्ही कायद्याखालच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव लावायला फार तर एक कागद लागेल. मेडिक्लेमची कागदपत्रं कंपनीच्या एचआर विभागातून न जाता थेट विमा कंपनीकडे जावीत, एवढी एक दुरुस्ती केली, तर औषध कंपनीतल्या त्या बाईंवर जी वेळ आली तिचं मूळच उपटलं जाईल. त्यासाठी कुणाचं मन बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. लिफाफ्यावरचा पत्ता बदलावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं तर 1997 मध्येच, नाव न उघडता दाद मागणाऱ्या एका हंगामी कामगाराच्या खटल्यात सांगून टाकलं होतं, की काम करण्याइतपत तंदुरुस्त असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर 2023 मध्ये, सैन्याच्या रुग्णालयात रक्त चढवताना बाधित झालेल्या हवाई दलाच्या माजी जवानाला दीड कोटीहून अधिक भरपाई देताना, या कायद्याची अंमलबजावणी करा असं केंद्र आणि राज्यांना बजावलं.

त्या जवानाच्या बातमीखालीही लोकांनी हळहळ व्यक्त केली ती अशीच, की त्याचा काही दोष नव्हता. कायद्यात मात्र दोष हा शब्दच नाही. संरक्षण मिळण्यासाठी एचआयव्ही कुठून आला हे सांगावं लागत नाही. रक्तातून, नवऱ्याकडून, आईकडून, सुईतून की बुधवार पेठेतून, लोकपालाच्या अर्जात तो रकानाच नको. पुण्याच्या कामगार न्यायालयात गेलेल्या बाईंचा राजीनामा या कायद्याच्या आधीचा होता, म्हणून त्यांना तीन वर्षं लागली. आज हडपसरमधल्या एखाद्या कामगारावर तीच पाळी आली, तर त्याच्या हातात तीस दिवसांची वाट आहे. फक्त आपल्या कंपनीतला तक्रार अधिकारी कोण आणि लोकपालाचा पत्ता काय, हे त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं असायला हवं. आणि 1097 या मोफत हेल्पलाइनवर फोन लावायला कँटीनच्या मागची जागा शोधायची वेळ त्याच्यावर येता कामा नये.